शिकाऱ्यावरच उलटणारी यंत्रं: दीड मिनिटाची फजितीची ॲनिमेशन फिल्म कशी करावी

भुकेला शिकारी, हाती न लागणारी शिकार आणि दर वेळी शिकाऱ्याच्याच अंगावर येणारं यंत्र. एवढ्याच सामग्रीवर दिग्दर्शक चक जोन्स आणि कथालेखक मायकेल माल्टीझ यांनी १९४९ साली वॉर्नर ब्रदर्ससाठी कायोटी (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) आणि रोडरनर (वेगाने धावणारा पक्षी) ही जोडी उभी केली. पात्रं दोन, अमेरिकेच्या नैर्ऋत्येचं ओसाड वाळवंट ही एकच जागा, संवाद शून्य, आणि एका भागाची लांबी सहा-सात मिनिटं. एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून पहिली फिल्म करायची असेल तर याहून सोयीचा साचा सापडणार नाही. डबिंग नको, ओठांची हालचाल आवाजाशी जुळवणं नको, गर्दीची दृश्यं नकोत, आणि भाषेची अडचण तर कुठेच नाही.

अवघड आहे ते टाइमिंग. संवाद नसल्यामुळे चुकलेलं टाइमिंग झाकायला काहीच उरत नाही. म्हणून या लेखात चित्रकलेपेक्षा फ्रेम मोजण्यावर जास्त जागा दिली आहे.

आपण करणार आहोत ती फिल्म ९० सेकंदांची, सेकंदाला २४ फ्रेम, आकार १९२० बाय १०८०. सॉफ्टवेअर कृता, कारण ते मोफत आहे आणि त्यात ओनियन स्किन (मागची-पुढची चित्रं पुसट दाखवणारी सोय), टाइमलाइन, स्टोरीबोर्ड सगळं आहे. ओपनटून्झ किंवा ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल येत असेल तर तेही चालेल, पायऱ्या त्याच राहतात. साधा पेन टॅबलेट पुरतो. जोडी मात्र स्वतःची घ्या. कायोटी आणि रोडरनर ही वॉर्नरच्या मालकीची पात्रं आहेत, आणि नक्कल केलेल्या पात्राकडून नवी हालचाल सुचतही नाही. इथे उदाहरणासाठी तरस आणि घोरपड घेतली आहे. जागा सह्याद्रीतलं सपाट पठार, त्याचा तुटलेला कडा आणि समोर एक सुळका.

पहिली पायरी: जगाचे नियम लिहून काढा

जोन्स यांनी १९८९ च्या ‘चक अमक’ या आत्मचरित्रात या मालिकेचे नियम दिले आहेत. माल्टीझ यांनी मात्र असे काही नियम आपण कधी ऐकले नव्हते असं सांगितलं. नियम आधी ठरले की काम करता करता अंगवळणी पडले, हा वाद बाजूला ठेवू. फिल्म्स पाहिल्या की ते बहुतेक पाळलेले दिसतात. आपल्या कामाचे चार:

शिकार शिकाऱ्याला स्वतः इजा करत नाही. बाहेरची कोणतीही शक्ती त्याला त्रास देत नाही, फक्त त्याचा स्वतःचा अजागळपणा आणि त्याची यंत्रं. जमेल तिथे गुरुत्वाकर्षण हाच त्याचा सर्वांत मोठा शत्रू. आणि त्याची इजेपेक्षा फजिती जास्त होते.

यातला पहिला नियम सर्वांत मोलाचा. शिकारीने उलट हल्ला केला की तो बदला होतो, आणि प्रेक्षक बाजू घ्यायला लागतो. तिने काहीच केलं नाही की सगळा दोष शिकाऱ्याच्या हट्टाकडे जातो, आणि आपल्याला त्याची कीवही येते. या प्रकारच्या फिल्ममध्ये प्रेक्षकाचं मन शिकाऱ्यापाशीच असायला हवं. यंत्र बनवणारा तो, वाट पाहणारा तो, मार खाणाराही तो.

आता आपल्या जोडीचे नियम. घोरपड पळत नाही, कड्याला चिकटते. उभ्या कातळावरही तिचं काही अडत नाही, म्हणजे जो कडा तरसाला खाली खेचतो तोच तिचं घर आहे. तिला फक्त तीन हालचाली: जीभ बाहेर काढणं, डोळे मिटणं, कातळावर चढणं. तरसाची सगळी सामग्री एकाच गंजक्या पत्र्याच्या पेटीतून येते. मूळ मालिकेत जवळजवळ सगळं सामान एकाच अ‍ॅक्मे कंपनीकडून येतं, त्यामागचा फायदा हाच: वस्तू आली कुठून हे समजावण्यात एक सेकंदही जात नाही.

नियम सुसंगत हवेत, खरे असायची गरज नाही. प्रत्यक्षातला कायोटी ताशी ६० किलोमीटरच्या पुढे धावू शकतो आणि रोडरनर साधारण ३० च्या आसपास, म्हणजे खऱ्या वाळवंटात ही शर्यत लगेच संपली असती. पडद्यावर कुणाला ते खटकत नाही, कारण तिथला नियम सहसा मोडत नाही. तरस खरं तर निशाचर, आणि घोरपड उन्हात पडून राहणारी. आपण दोघांना संध्याकाळच्या तिरप्या उन्हात आणलं आहे, आणि ती वेळ शेवटपर्यंत बदलायची नाही.

दुसरी पायरी: आधी बिघाड, मग यंत्र

नवखे लोक उलट क्रमाने जातात. आधी भन्नाट यंत्र काढतात आणि मग ते फुटतं असं दाखवतात. स्फोट झाला, धूर निघाला, पात्र काळं पडलं. पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा येत नाही, कारण फुटण्याला कारण नसतं. हसू येतं ते कारण आधी डोळ्यांसमोरून गेलेलं असतं तेव्हा. म्हणून प्रत्येक गॅगसाठी, म्हणजे विनोदाच्या प्रत्येक प्रसंगासाठी, कागदावर पहिलं वाक्य बिघाडाचं लिहा, दुसरं ते कारण प्रेक्षकाला कधी दिसेल याचं, आणि यंत्र तिसऱ्या वाक्यात.

बिघाडाच्या चार जाती कायम कामाला येतात. यंत्र चालतं पण जोर उलट्या बाजूला लागतो. यंत्र उशिरा चालतं, तेही शिकारी जवळ जाऊन डोकावतो तेव्हा. यंत्र गरजेपेक्षा जास्त चोख चालतं. आणि चौथी जात म्हणजे शिकारीसाठी चालतं, शिकाऱ्यासाठी नाही. १९४९ च्या पहिल्याच भागात कायोटी खडकावर बोगद्याचं चित्र रंगवतो, रोडरनर त्यातून सरळ निघून जातो आणि मागून धावणारा कायोटी खडकावर आपटतो. ही चौथी जात सर्वांत मजेदार आहे, पण ती जगाचा नियमच वाकवते. दीड मिनिटात ती वापरू नका, नियम पक्का बसायच्या आत तो वाकतो.

आपल्या चार गॅग अशा:

पहिली, पोतं. कड्यावर कप्पी, दोराच्या एका टोकाला तरस, दुसऱ्या टोकाला धोंड्यांनी भरलेलं पोतं. तोल साधत तरस हळूहळू खाली उतरतं. पोत्याला भोक आहे, ते आधी दिसलेलं आहे. एकेक दगड गळतो, पोतं हलकं होतं, तरसाचा वेग वाढतो. अर्ध्या वाटेवर वर जाणारं पोतं आणि खाली जाणारं तरस समोरासमोर येतात, आणि पुढचा दगड त्याच्या डोक्यावर.

दुसरी, ट्रॅक्टरच्या ट्यूबची गलोल. ही पुढे फ्रेमनिशी उलगडली आहे.

तिसरी, डिंक. घोरपडीसारखं चढता यावं म्हणून तरस चारही पंज्यांना डिंक फासतं. चढतं, छान चढतं, मग पंजा सुटेना. जोर लावल्यावर पंजा सुटत नाही, कातळाचा पापुद्राच सुटतो.

चौथी, ताडपत्रीचे पंख. इथे मागचं सगळं परत येतं. वजनासाठी तेच भोकाचं पोतं, सुरक्षेसाठी कमरेला तीच ट्यूब. तरस खरोखर उडतं, घोरपडीपासून वीतभर अंतरावर पोचतं, आणि ट्यूब ताणून संपते. ती परत खेचते ती थेट डिंक सांडलेल्या कातळावर. शेवटचं चित्र: तरस कड्याला उलटं चिकटलेलं आणि घोरपड त्याच्या पोटावर ऊन खात.

चौथ्या गॅगमध्ये त्याला बुडवतात त्या वस्तू त्याने स्वतःच्या बचावासाठीच घेतल्या आहेत. असं जमलं की फिल्म आपोआप घट्ट होते. जमत नसेल तर चौथी गॅग बदला, पण नवी वस्तू आणू नका.

तिसरी पायरी: सेकंदांचं वाटप

शीर्षक ४ सेकंद, जोडीची ओळख १०, पोतं १४, गलोल २०, डिंक ८, पंख २८, शेवटचं चित्र ६. बेरीज ९०.

डिंकाची गॅग मुद्दाम तोकडी ठेवली आहे. दोन लांब गॅगच्या मध्ये एक झटपट गॅग नसेल तर प्रेक्षकाला ठेका कळतो: तयारी, थांबणं, आपटणं, पुन्हा तयारी. ठेका कळला की तो पुढचं आधीच ओळखतो. डिंकाला तयारी जवळजवळ दाखवायचीच नाही. दृश्य उघडतं तेव्हा पंजे फासून झालेले असतात.

९० सेकंद म्हणजे २१६० फ्रेम. ऑन टूज, म्हणजे प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवून केलं, तर १०८० चित्रं. यातला साधारण निम्मा वेळ होल्डवर, म्हणजे तेच चित्र स्तब्ध धरून ठेवण्यात जातो, तेव्हा प्रत्यक्ष काढायची चित्रं ५००-६०० च्या घरात येतात. दोघांत वाटून सुट्टीच्या दिवसांत होण्यासारखं काम आहे. होल्ड म्हणजे कामचुकारपणा नव्हे. या प्रकारात विनोद तिथेच घडतो.

चौथी पायरी: स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक

पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर ४०-४५ चित्रं काढा, काड्यांची माणसं चालतील. भिंतीवर लावा आणि न बोलता दुसऱ्याला दाखवा. तो जिथे ‘हे काय आहे?’ विचारेल तिथे यंत्र समजलेलं नाही. यंत्र कसं चालणार हे दोन सेकंदांच्या एका स्थिर चित्रातून कळायला हवं. त्यासाठी यंत्र बाजूने दाखवा, त्याचे भाग मोजके ठेवा, आणि नेम कुणावर आहे ते त्याच चित्रात येऊ द्या. यंत्र एका शॉटमध्ये आणि शिकार दुसऱ्या शॉटमध्ये असं तोडलं की गॅग मेलीच.

दिशा पक्की ठेवा. तरस कायम डावीकडे, घोरपड उजवीकडे. त्यामुळे उजवीकडे म्हणजे आशा आणि डावीकडे परत येणं म्हणजे फजिती, हे न सांगता बसतं. एखाद्या शॉटमध्ये दिशा उलटली तर प्रेक्षक अर्धा सेकंद चाचपडतो, आणि गॅगला तेवढा उशीर परवडत नाही.

मग चित्रांचे फोटो काढून टाइमलाइनवर ठेवा आणि तोंडाने आवाज काढून ध्वनिमुद्रण करा. ‘टुंग’, ‘धप’, शांतता. हा ॲनिमॅटिक हसवत नसेल तर पूर्ण रंगवलेली फिल्मही हसवणार नाही. इथे फ्रेम बदलायला मिनिट लागतं, पुढे आठवडा जाईल.

पाचवी पायरी: पात्रांचा आराखडा

तरसाचे पुढचे पाय लांब, मागचे आखूड, म्हणून पाठीचा उतार मागे. हे खरं शरीरच विनोदाला अनुकूल आहे: सगळं वजन खांद्यात, त्यामुळे तोल नेहमी पुढे जातो आणि पडताना तोंड आधी पडतं. उभं राहून यंत्र हाताळताना मात्र पाठीचा बाक उलटा करा, नाहीतर ते अस्वल दिसतं.

अंगावरचे पट्टे फक्त पाच, जाड. खऱ्या तरसाएवढे काढलेत तर ५०० चित्रांत ते एकदाही जागेवर राहणार नाहीत आणि फिल्मभर वळवळत दिसतील. मानेपासून पाठीवर जाणारी आयाळ हा भाव दाखवायचा अवयव. उत्साहात ताठ, शंकेत फक्त मधले तीन केस उभे, फजितीनंतर एका बाजूला कलंडलेली. तोंड न हालवता यातून निम्मा अभिनय होतो.

घोरपडीला भुवया देऊ नका. तिचा चेहरा जितका कोरा, तितकं तरस अधिक बिचारं. दुभंगलेली जीभ बाहेर २ फ्रेम, होल्ड ४, आत २. ही एकच सवय पूर्ण फिल्मभर जशीच्या तशी ठेवा.

प्रत्येक पात्राची काळी भरीव आकृती काढून बघा. तरसाच्या हातातली वस्तू आकृतीतून वेगळी दिसली पाहिजे. पोटासमोर धरलेली गलोल आकृतीत नाहीशी होते, शरीराबाहेर धरलेली दिसते.

सहावी पायरी: एक गॅग, फ्रेमनिशी

गलोलीची रचना अशी. कड्याच्या काठाला दोन बाभळी, त्यांना बांधलेली ट्यूब, ट्यूबमध्ये मोठा धोंडा. तरस धोंड्याला मिठी मारून मागे ओढणार, सोडणार, आणि धोंडा समोरच्या सुळक्यावर बसलेल्या घोरपडीवर जाणार. बिघाड: रबर दोन्ही टोकांना सारख्याच जोराने ओढतं. धोंडा जड, बाभळींची मुळं भुसभुशीत मुरुमात. हलकं असेल तेच हलणार. २० सेकंदांच्या ४८० फ्रेम अशा वाटा:

१ ते ६०: लांबचा शॉट. सगळी मांडणी एकत्र, तरस शेवटची गाठ मारतं, घोरपड जीभ काढते.

६१ ते ९६: जवळचा शॉट. उघडं पडलेलं मूळ, तडकलेला मुरूम, एक खडा घरंगळतो. कारण दाखवायची हीच जागा. फारच कमी फ्रेम दिल्यात तर ते दिसत नाही, ६० च्या पुढे नेलंत तर प्रेक्षक शेवट ओळखतो.

९७ ते १९२: मागे ओढणं. चार पावलं, पण १६, २०, २६ आणि ३४ फ्रेमची. प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा जड. चारही सारखी केलीत तर ट्यूबला ताण आहे असं वाटतच नाही, कितीही पातळ काढलीत तरी.

१९३ ते २१६: थांबा. तरस प्रेक्षकांकडे बघतं, फक्त कान थरथरतो.

२१७ ते २२२: सोडतं. हात उघडे, अंग मागे.

२२३ ते २४६: काहीच होत नाही. पूर्ण एक सेकंद. फक्त ट्यूब कंप पावते आणि तरस वाकून धोंड्याकडे बघायला लागतं. फिल्ममधला सर्वांत महत्त्वाचा सेकंद हाच, आणि घाबरून सगळ्यात आधी हाच कापला जातो.

२४७ ते २५०: मुळं उपटतात. इथून पुढे ऑन वन्स, दर फ्रेमला नवं चित्र.

२५१ ते २५४: दोन्ही बाभळी पडदा ओलांडतात. चारच चित्रं, त्यातली मधली दोन ताणलेली, फराटा मारल्यासारखी.

२५५ ते २६०: आदळणं. आधीच्या फ्रेमला झाड आणि तरस यांच्यात अजून फट दिसते, पुढच्याच फ्रेमला तरस पूर्ण चेपलेलं. ‘नुकतं टेकलं’ असं मधलं चित्र काढू नका. ते काढलं की धक्का मऊ होतो, आणि का मऊ झाला ते शोधता शोधता दिवस जातो.

२६१ ते ३२०: दोन बाभळींच्या मध्ये अडकलेलं तरस. होल्ड. २९० ला एकदा डोळे मिचकावतं. आयाळीत काटे.

३२१ ते ३७२: आता दुसरा फटका. मुळं निघाल्याने काठ खचतो आणि धोंडा सावकाश कलंडतो. घाई नको.

३७३ ते ३८४: धोंडा आणि झाडं यांच्यामध्ये सैल पडलेली ट्यूब ताठ होते. ३८५ ते ४०८: तरस आधी ट्यूबकडे, मग प्रेक्षकांकडे बघतं. ४०९ ते ४१२: झटक्यात चौकटीबाहेर.

४१३ ते ४३०: कड्यावरून सरळ खाली बघणारा शॉट, पडणं. ४३१ ते ४४४: रिकामी दरी. ४४५ ला धुळीचा छोटा गोळा, ४८० पर्यंत तो विरतो आणि सुळक्यावरची घोरपड जीभ काढते.

पडण्याच्या १८ आणि रिकाम्या दरीच्या १४ फ्रेम, हे दोन आकडे जोन्स यांच्याकडून आले आहेत. कायोटी दूर जात जात दिसेनासा व्हायला १८ फ्रेम आणि त्यानंतर आपटायला १४. त्यांच्या अनुभवात १३ ला हसू येत नसे, १५ लाही नाही. १८ आणि १४ मिळून ३२ फ्रेम म्हणजे सव्वा सेकंदाच्या थोडं पुढे. खऱ्या गुरुत्वाकर्षणात एवढ्या वेळात वस्तू जेमतेम नऊ मीटर पडते, तीन मजल्यांएवढी. दरी दिसते शेकडो मीटरची. म्हणजे हे गणित भौतिकशास्त्राचं नाहीच, प्रेक्षकाच्या श्वासाचं आहे. स्वतः १०, १४ आणि २० असे तीन प्रकार करून लागोपाठ बघा, फरक लगेच जाणवेल.

लहान होत जाण्यासाठी सोपा हिशेब: पहिल्या फ्रेमला तरस ६०० पिक्सेल, मग प्रत्येक फ्रेमला आधीच्या ७८ टक्के. ६००, ४६८, ३६५, २८५ असं जात अठराव्या फ्रेमला साधारण ९ पिक्सेल उरतात. दर वेळी सारखेच पिक्सेल वजा केलेत तर ते पडल्यासारखं न दिसता आक्रसल्यासारखं दिसतं.

चौथ्या गॅगमधलं अधांतरी थांबणं वेगळं आहे. तिथे क्रम असा: डोळे खाली जायला ४ फ्रेम, होल्ड १०, प्रेक्षकांकडे नजर १६, कान पडायला ६. मग खेच. धड आधी निघतं, मान ताणत राहते, आणि डोकं तीन फ्रेम उशिरा सुटतं. डोकं आणि धड एकदम निघालं तर ते पात्र राहत नाही, सरकवलेला ठोकळा होतो.

सातवी पायरी: सफाई, रंग आणि लेयर

कृतामध्ये प्रत्येक शॉट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. ॲनिमेशनच्या फ्रेम मेमरीत राहतात, आणि पूर्ण फिल्म एका फाइलमध्ये घातली तर साधा संगणक अडखळायला लागतो. लेयर पाच पुरे: पार्श्वभूमी, यंत्र, तरस, घोरपड, पुढची धूळ-दगड. होल्डमध्ये फक्त पापणी हलत असेल तर पापणीचा वेगळा लेयर करा.

तरस ऑन टूज आणि पार्श्वभूमी ऑन वन्स सरकत असेल तर पाय जमिनीवर घसरतात आणि चित्र थरथरतं. कॅमेरा सरकतो तिथे तरसही ऑन वन्स करा, किंवा कॅमेरा स्थिर ठेवा. पहिल्या फिल्मला दुसरा उपाय घ्या. कायोटीच्या बऱ्याच भागांचे लेआउट, म्हणजे दृश्यांची मांडणी, मॉरिस नोबल यांनी केली, त्यांचं वाळवंट बघा: सपाट रंगाचे मोठे आकार, आणि पात्राभोवती भरपूर मोकळी जागा. पठाराला तीन रंग पुरतात: काळसर कातळ, वाळलेलं गवत, संध्याकाळचं आभाळ. घोरपडीचा रंग कातळाच्या जवळ जातो, म्हणून तिच्या मागे नेहमी आभाळ ठेवा.

आठवी पायरी: आवाज

वॉर्नरचे ध्वनी-संपादक ट्रेग ब्राउन यांची खासियत अशी की ते कित्येकदा दिसतं त्याच्याशी संबंध नसलेला आवाज लावत, आणि तो बरोबर बसत असे. तयार आवाजांच्या संग्रहातला ‘बोइंग’ उचलू नका, तो सगळ्यांनी ऐकलेला आहे. घरात करता येतो:

ट्यूबचा कंप: लाकडी फुटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबा, वीसेक सेंटिमीटर बाहेर ठेवा, टिचकी मारा. कंप पावत असताना ती आत ओढलीत तर स्वर चढत जातो. ट्यूब ताणण्याचा चरचराट: फुगवलेल्या फुग्यावर ओलं बोट. मुळं उपटणं: वाळलेला कडबा दोन्ही हातांनी मोडा आणि त्यावर उसाचं कांडं मोडल्याचा एकच आवाज चढवा. दगड गळणं: सुपात मूठभर हरभरे. आदळणं: ओला पंचा फरशीवर. दूरचं आपटणं मात्र वेगळं मुद्रित करू नका. हाच पंच्याचा आवाज ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन वरच्या पट्टीचे स्वर कापा आणि पातळी बरीच उतरवा. तोच आवाज दबून आला की खोली कानाला कळते.

मोबाइलवर मुद्रण चालतं, पण पंखा बंद करा आणि खोलीत चादरी टांगा. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा. आदळण्याचा आवाज चित्राच्या एक-दोन फ्रेम मागे बसवा. चित्राच्या आधी आलेला आवाज खटकतो, किंचित मागून आलेला खपतो.

संगीत लावायचं असेल तर २२३ ते २४६ आणि ४३१ ते ४४४ या जागी ते पूर्ण तोडा. वारा सुद्धा अगदी क्षीण. शांततेत वाद्य वाजत राहिलं तर गॅग सांडते.

शेवटची तपासणी

शॉट पीएनजी चित्रांच्या मालिकेत काढा आणि केडेनलाइव्ह किंवा ब्लेंडरच्या संपादकात २४ फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये जोडा. प्रोजेक्ट चुकून २५ किंवा ३० वर राहिला तर मोजलेले सगळे आकडे बिघडतात, आणि नेमकं काय बिघडलं ते नुसतं बघून ओळखू येत नाही.

मग दोनदा दाखवा. एकदा आवाज बंद करून: कोणती गॅग कळली नाही ते समजेल, आणि दुरुस्ती मांडणीच्या शॉटमध्ये करायची आहे. दुसऱ्यांदा आवाजासह, आणि या वेळी पडद्याकडे न बघता बघणाऱ्यांकडे बघा. हसू आदळण्याच्या आधीच आलं तर कारण जास्त वेळ दिसलं आहे, ६१ ते ९६ मधल्या फ्रेम कमी करा. उशिरा आलं तर आदळल्यानंतरचा होल्ड वाढवा, कारण हसणाऱ्याला पुढचं दृश्य दिसतच नाही. एका वेळी एकाच जागी, दोन-दोन फ्रेमने बदला. एकदम दहा फ्रेम काढल्यात तर कोणत्या फ्रेमने काम केलं ते कधीच कळणार नाही.